ब्रेकची हवा आणि माझा मुलगा

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी बसतं, दुसरं आत पेडलवर. चाकाशी बसलेला ओरडतो, "मार, मार, मार... धर!" आतल्याने पेडल तीन-चारदा दाबायचं आणि शेवटी दाबून धरायचं. मग बाहेरचा चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, पान्याने सैल करतो. फस्स करून तेल आणि बुडबुडे बाहेर येतात आणि पायाखालचं पेडल खाली बसतं. निपल परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा आत शिरते आणि केलेलं काम फुकट जातं.

आमच्या घरात पेडल बाईने दाबायचं. नवरा होता तोवर मी दाबायचे, आता सून दाबते. नवऱ्याने मोखाडा-जव्हार जीप चालवली. गॅरेजला जायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा, त्यामुळे घरासमोरच्या अंगणात गाडी दगडांवर चढवून तो सगळं स्वतःच करायचा. मुलाने ते त्याच्याकडून उचललं. बापासारखा हात मात्र त्याचा नाही. बाप एकेका चाकाला अर्धा तास द्यायचा आणि मुलगा मोबाइलवर बोलत बोलत चारही चाकं उरकतो.

आता ती जीप माझी सून चालवते. मुलगा कंत्राटावर कामाला जातो, सुट्टीच्या दिवशी घरी असतो. लग्नानंतर तिनेच हट्ट धरून गाडी शिकून घेतली. पहिल्यांदा ती स्टँडवर गाडी लावायला गेली तेव्हा बाकीचे ड्रायव्हर चहाचे कप हातात धरून बघत उभे राहिले होते. "वहिनी, पाय पोचतो का ब्रेकला?" म्हणून एकाने विचारलंही. ती म्हणाली, "माझा पोचतो. तुमचा वेळेवर पोचत नाय, म्हणून तुमचा बंपर तुटलाय." मग कोणी काही विचारलं नाही. पाड्यावरच्या बायकांना तिची गाडी आवडायला लागली. ती टपावर माणसं बसवत नाही, पोटुशी बाई असली तर तिला पुढे बसवते, आणि बाजाराच्या ओझ्यावरून कटकट करत नाही.

मला तिचा फार पुळका आहे असं समजू नका. भाजीत तिखट जास्त घालते आणि सांगितलं तर उलट उत्तर देते. पण गाडी ती चांगली चालवते. तिच्या नवऱ्यापेक्षा चांगली. त्याची आई असून सांगते.

थंडीचे दिवस होते. ती नवऱ्याला म्हणाली, "ब्रेक खाली जातोय. दोनदा मारल्याशिवाय लागत नाय. क्लचपण तसाच." आमच्या गाडीचा क्लचही तेलावरच चालतो, त्याचीही हवा अशीच काढतात. मुलगा सुट्टीच्या दुपारी गाडीखाली शिरला. सून गोधड्या धुवायला गेली होती, म्हणून त्याने मला हाक मारली.

"आये, चल. पायाला काम हाय."

"माझ्या गुडघ्याला विचार आधी."

"गुडघा नाय लागत, टाच लागते."

मी चढून बसले. समोर बॉनेट उघडं होतं, त्यामुळे मला पुढचं काही दिसत नव्हतं. आधी क्लच केला. मग ब्रेकची चार चाकं. मध्ये मध्ये तो उठून बॉनेटखाली जायचा आणि वरच्या डबीत नवीन ऑइल ओतायचा, कारण डबी रिकामी झाली तर तिथूनच हवा जाते. एका हातात फोन होता. कोणाशी तरी क्रिकेटचं बोलणं चाललं होतं. "मार, मार, धर" हे त्याने मला सांगितलं आणि फोनवरच्यालाही ऐकवलं. काम झालं तेव्हा पेडल वरच लागत होतं, घट्ट. मी उतरले. मला बरं वाटलं की अजून आपल्या पायाचा उपयोग आहे.

तिन्हीसांजेला सून ओट्यावर काहीतरी शोधत होती.

"मोहाच्या तेलाची बाटली कुठं गेली? उन्हात ठेवली होती पातळ व्हायला."

तिचं माहेर सूर्यमाळेच्या एका पाड्यावर. तिकडे मोहाच्या बियांचं तेल काढतात. माझ्या गुडघ्यांना चोळायला ती आणते. थंडीत ते तेल तुपासारखं थिजतं, म्हणून उन्हात ठेवावं लागतं.

मुलगा मोरीच्या दगडावर हात धूत होता. म्हणाला, "माझी लाथ लागली. सांडला सगळा."

"बघून चालत जा की."

"बरा बरा. आण दुसरा."

मीच म्हणाले, "मी उद्या जाते तुझ्याबरोबर. विहिणीला ताप आहे म्हणत होतीस ना. तिलाही बघेन आणि तेलही आणेन." मुलगा तेव्हा बाहेर पडला होता. त्याने हे ऐकलं नाही.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा हात सुन्न होतील अशी थंडी होती. सून चावी घेऊन बाहेर पडली, मी शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसले. मुलगा पांघरुणात होता. जागा होता. चावी खिळ्यावरून काढली तेव्हा "संभाळून" म्हणाला. मला वाटलं, नवरा काळजीने म्हणतो तसंच म्हणाला.

मोखाड्याच्या स्टँडवर माणसं भरली आणि गाडी सूर्यमाळेच्या रस्त्याला लागली. थोडं अंतर गेल्यावर सून म्हणाली, "गाडी जड चाललीय." मला काही कळत नव्हतं. चढ लागल्यावर जळकट वास यायला लागला. तिने गाडी बाजूला घेतली, उतरून पुढच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. मग नवऱ्याला फोन केला. मी शेजारीच होते, त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"चाकं तापलीत. ब्रेक धरून ठेवतोय. सोडतच नाय."

त्याने आधी गाडी कुठवर आलीय ते विचारलं. मग म्हणाला, "नवीन ऑइल हाय ना. घट्ट असतो सुरुवातीला. सुटेल. चालव तू."

"वास येतोय."

"अगं येतोच. चालव."

तिने चाकं थंड होऊ दिली. मागे बसलेली माणसं कुरकुरायला लागली, एकाला शाळेत पोचायचं होतं. पुढे ती हळूहळू वर घेऊन गेली. वरती मी विहिणीकडे बसले, चहा घेतला. तेल संपलं होतं त्यांच्याकडचं, ते मिळालं नाही. दुपारी परतीचे लोक भरून आम्ही खाली निघालो. मी पुढेच होते. मागे मोखाड्याला निघालेल्या बायका, त्यांच्या टोपल्या, एकीच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी, आणि एक म्हातारा. त्या पाड्यावर त्याला सगळे आजा म्हणतात.

उतार लागला. पहिल्या वळणाला गाडी नीट आवरली. दुसऱ्या वळणाआधी सुनेने ब्रेकवर पाय ठेवला आणि मला तिचा पाय दिसला. तो खाली गेला. खाली म्हणजे पत्र्याला टेकला. मी आयुष्यभर त्या पेडलवर पाय ठेवलाय. असा पाय खाली गेला की काय होतं ते मला माहीत होतं. अंगणात दगडांवर चढवलेल्या गाडीत तसं झालं तर चाकाशी बसलेला माणूस फक्त निपल आवळतो. इथे समोर वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे झाडांचे शेंडे.

तिने ब्रेक धपाधप मारला. लागला नाही. मी समोरचा दांडा धरला.

"धरून बसा!" ती ओरडली. तिने क्लच दाबून गियर खाली टाकला, मग आणखी खाली. गाडीने असा आवाज काढला की मला वाटलं इंजिन फुटणार. क्लच चालत होता, म्हणूनच मी आज हे सांगायला आहे. डाव्या हाताने तिने हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. पुढचं चाक खाली गेलं, बाजूचा पत्रा दरडीला घासत गेला, माती काचेवर पडली आणि गाडी थांबली.

मागे रडारड सुरू झाली. कोंबडी सुटून माझ्या खांद्यावर आली होती. एका बाईचा ओठ फुटला होता. बाकी कोणाला काही झालं नव्हतं. सून स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. हात सोडता येत नव्हते तिला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

ओठ फुटलेली बाई खाली उतरली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "मारलं असतं हिनं आम्हाला. बायकांचं काम आहे का हे?"

आजा म्हणाला, "बाई, मेलीस का? नाय ना? मग गप."

पण ती काही गप्प बसली नाही. आणि तिचं म्हणणं संध्याकाळपर्यंत मोखाड्याच्या स्टँडवर पोचलं, आमच्या आधी.

आमच्या गाडीला दुसऱ्या जीपने दोर बांधून खाली आणलं. सून स्टिअरिंगवर, एक हात हँडब्रेकवर, मी तिच्या शेजारी. घरी आलो तेव्हा मुलगा दारात उभा होता. मला गाडीतून उतरताना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आईला लागलंय का म्हणून घाबरला. त्याने मला विचारलं नाही, लागलं का म्हणून. सुनेलाही विचारलं नाही. एकदम म्हणाला,

"उद्यापासून तू गाडीला हात लावायचा नाय."

ती चुलीपाशी पाणी पीत होती. "ब्रेक गेला. माझी काय चूक?"

"ब्रेक असाच जातो काय? सारखा पाय ठेवून चालवतेस, मग तापणारच. सगळा स्टँड थुंकतोय माझ्यावर. बायको बसवली म्हणतात गाडीवर."

"अहो, मी फोन केला होता तुमाला."

"हवा राहिली असेल." मग तो माझ्याकडे वळला. "आयेनं पाय लवकर उचलला असेल."

मी चकित झाले. माझा पाय त्या पेडलवर कधी चुकला नव्हता, त्याच्या बापाने कधी नाव ठेवलं नव्हतं. पण मी म्हटलं, असेल. वय झालंय. कधी तरी चुकत असेल माणूस. ते मनात घेऊन मी झोपले. सून जेवली नाही. ती गाडी तिचं सगळं होतं हे मला ठाऊक होतं. घरातून सकाळी निघायचं, चार माणसांनी "वहिनी, थांबवा" म्हणायचं, कोणाला न विचारता आपल्या माहेरच्या वाटेने जायचं. त्या रात्री ते सगळं तिच्या हातून गेलं होतं आणि ते तिच्याच चुकीने गेलं असं सगळा गाव म्हणत होता.

सकाळी मुलगा कामावर गेला नाही, त्याने पुन्हा गाडी दगडांवर चढवली. परत हवा काढू, ब्रेक लागेल, मी चालवीन सुट्टीच्या दिवशी, असं त्याचं चाललं होतं. सुनेला पेडलवर बसवलं. मी म्हटलं, मी चाकाशी बसते, बघते तरी हवा किती निघते. मी बरणी धरली. निपलला रबरी नळी लावतात आणि तिचं दुसरं टोक बरणीतल्या तेलात बुडवतात, म्हणजे बुडबुडे दिसतात. तो म्हणाला, "तू जा आत, थंडी हाय." मी गेले नाही.

"मार, मार, मार, धर!"

"दगडासारखं झालंय," आतून सून म्हणाली. "खाली जात नाय."

त्याने निपल सोडलं. काहीच आलं नाही. थेंबही नाही. त्याने निपल पूर्ण काढलं, तारेने भोक मोकळं केलं. "मार आता." तिने सगळा जोर लावला असणार, कारण गाडी हलली. आणि त्या भोकातून एक पांढरं टोक बाहेर आलं.

मी खाली वाकून बघितलं. पांढरी, मऊ, शेवईसारखी दोरी हळूहळू बाहेर सरकत होती. वळून ती खाली मातीत पडली. मग आणखी. गाडीच्या चाकातून शेवई पडतेय, असं मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. मला वाटलं माझे डोळे गेले. मी बोटाने ती उचलली. बोटांच्या उबेने ती विरघळली आणि तळहातावर पिवळं तेल झालं. मी वास घेतला. तो वास मी रोज रात्री गुडघ्यांना लावून झोपते.

मोहाचं तेल.

ब्रेक ऑइलच्या रिकाम्या बाटल्या आम्ही टाकत नाही. इकडे कोणीच टाकत नाही. बाटली मजबूत, झाकण घट्ट, धुऊन काहीही भरता येतं. सुनेने मोहाचं तेल तशाच बाटलीत आणलं होतं. उन्हात पातळ व्हायला ओट्यावर ठेवलं होतं, आणि तिथेच मुलाने आपल्या ऑइलच्या बाटल्या मांडल्या होत्या. कानाला फोन. क्लचला आधीची उघडी बाटली पुरली, ब्रेकला मात्र हात लागेल ती. पातळ झालेलं मोहाचं तेल आणि ब्रेक ऑइल, रंग जवळपास सारखाच.

इथपर्यंत मला समजलं. चूक कोणाच्याही हातून होते, असं म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. माझं तोंड उघडं होतं, हातावर ते तेल होतं. आणि मला दिसलं, की त्याला नवल वाटलेलं नाही.

चाकातून तूप निघालं तर माणूस दचकतो. ओरडतो, "हे काय?" म्हणतो. तो मान खाली घालून फडक्याने निपल पुसत होता.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

तो निपल पुसतच राहिला.

"लाथ लागून सांडलं म्हणालास. सांडलं नव्हतं."

"हळू बोल."

"कधी कळलं तुला?"

"संध्याकाळी. नवीन बाटली तशीच सीलबंद राहिली, तेव्हा." मग घाईघाईने, "थोडाच गेला होता गं. वाटला, तेल ते तेल. पुढच्या सुट्टीला काढून टाकणार होतो. परत सगळी चाकं कोण खोलणार होता? काळोख पडत होता."

"आणि सकाळी तिला चावी नेऊ दिलीस."

"संभाळून जा म्हटला ना मी."

"तिने फोन केला. चाक तापलंय म्हणाली. तू चालव म्हणालास."

त्याने फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"अरे, मी होते त्या गाडीत."

तेव्हा त्याने वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते, खरोखरच भरले होते. म्हणाला, "आये, तू जाणार हायस ता मला कुठं माहीत होता!"

मी खूप ऐकलंय आयुष्यात. नवऱ्याच्या शिव्या ऐकल्यात, सासूची बोलणी ऐकलीत. पण हे वाक्य ऐकून माझ्या हातातली बरणी सुटली. त्याला वाटलं की त्याने मला समजावलं. मी गाडीत असल्याचं ठाऊक असतं तर त्याने गाडी जाऊ दिली नसती, एवढंच त्याला सांगायचं होतं. म्हणजे मी नसते, तर चाललं असतं. बायको असली, मागे आठ-दहा माणसं असली, तर चाललं असतं. हे माझ्या पोटचं पोर बोललं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलंही नाही.

मग दार उघडलं. सून उतरली, आमच्याजवळ आली. तिने खाली मातीत पडलेली ती पांढरी शेवई बघितली, माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटलं आता ही ओरडणार, छाती बडवणार. मी असते तर पान्याने त्याचं डोकं फोडलं असतं.

ती म्हणाली, "द्या तो पाना."

त्याने दिला. तिने निपल जागेवर बसवून आवळलं, पाना पुसून ठेवला. म्हणाली, "आई, मी जव्हारच्या मेकॅनिकला फोन करते. घरी नाय होणार हा."

मेकॅनिक दुपारी आला. त्याने वरचा पंप खोलला आणि रबरं काढून आमच्यासमोर धरली. फुगून भाकरीच्या पिठासारखी झाली होती. "यात गोडं तेल गेलं की रबर संपतो," तो म्हणाला. "आधी ब्रेक सोडत नाय, मग लागत नाय. कोणी केला हे?" मुलगा म्हणाला, "चुकून झाला." कोणाच्या चुकून, ते म्हणाला नाही. मेकॅनिकने सुनेकडे बघितलं. मेकॅनिकलाही तीच वाटली.

सगळी रबरं बदलली, सगळ्या नळ्या धुतल्या, नवीन ऑइल घातलं. ब्रेक लागला. पण आता पुढचा प्रश्न होता. संध्याकाळी मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आये, घरातलं घरात राहू दे. ती थोडे दिवस घरी बसली की लोक विसरतील. मग बघू."

"ती घरी बसेल. का?"

"लोकांचं तोंड..."

"लोकांच्या तोंडात तिचं नाव आहे. तुझं पाहिजे होतं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर जाऊन सांगायचं तू."

"मी कसा सांगू? हसतील मला."

"हसू दे. नाहीतर मी जाते आणि सांगते. मी सांगितलं तर चावी नेऊ दिलीस तेही सांगेन. फोनवर काय बोललास तेही."

आई असं करेल असं त्याला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सून गाडी घेऊन स्टँडवर गेली, मी आणि मुलगा बरोबर. आमची जीप रांगेत पहिली होती. माणसं येत होती, तिला बघत होती आणि मागच्या जीपमध्ये जाऊन बसत होती. ओठ फुटलेली बाई तिथेच होती, ओठावर खपली घेऊन, जो येईल त्याला दाखवत. सून स्टिअरिंगवर बसून समोर बघत होती.

मुलगा चहाच्या टपरीशी उभा राहिला. म्हणाला, "गाडीत खराबी होती. आता नीट केलीय."

मी म्हटलं, "कोणाची खराबी?"

सगळे वळले. त्याने हातातला कप खाली ठेवला. "माझी. ऑइलच्या जागी मी मोहाचा तेल ओतला. बाटली चुकली. तिची काय चूक नव्हती. तिनं गाडी थांबवली म्हणून माणसं वाचली."

एक ड्रायव्हर हसत सुटला. "अरे, ब्रेकात भजी तळायची होती काय?" दुसरा म्हणाला, "माझा क्लच दुखतोय, त्यालापण जरा चोळ रे!" सगळी टपरी हसायला लागली. पाठीवर थापा पडल्या. कोणीतरी त्याला नवीन चहा दिला. ओठ फुटलेली बाईसुद्धा तोंडावर हात धरून हसली.

मी तिथे खांबासारखी उभी राहिले. चार दिवस हेच लोक सुनेच्या नावाने थुंकत होते. बाई माणूस, मारून टाकलं असतं, घरी बसवा हिला. आणि ज्याने केलं त्याला चहा. मुलगाही हसायला लागला होता, कानापर्यंत लाल होऊन. मी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं नाही, हे मी लपवत नाही. चावीचं आणि फोनचं मी बोलले नाही. तो बोलला तेवढ्याने तिची गाडी तिला मिळते का, ते बघायचं होतं.

आजा बाजाराला आला होता. पिशवी काखेत मारून तो आमच्या जीपपाशी आला आणि मधल्या सीटवर चढला. "चल गं बाय. उन्हं चढली." त्याच्यामागे त्याच्या पाड्यावरच्या दोघी-तिघी चढल्या. मग शाळेत जाणारा एक माणूस. गाडी अर्धीच भरली. सुनेने वाट बघितली नाही, चावी फिरवली. मी पुढे बसले. त्या सीटवर दुसरं कोणी बसणार नव्हतं.

मुलगा खिडकीशी आला. "मी येऊ काय?"

सून म्हणाली, "कशाला?"

वर जाताना काही झालं नाही. चाकं तापली नाहीत. वरती तिने आईला बघितलं, परतीची माणसं घेतली. आजा घरी पिशवी ठेवून पुन्हा गाडीत येऊन बसला, उतरतानाही मी हाय म्हणाला. उताराच्या माथ्यावर, जिथून पहिलं वळण दिसतं तिथे, तिने गाडी थांबवली. पेडल दोनदा दाबून बघितलं. मग मागे वळून म्हणाली, "ब्रेक चांगला हाय. तरी कोणाला चालत उतरायचं असेल तर उतरा. मी खाली थांबते. मला राग नाय."

कोणी हललं नाही. मग दोन बायका एकमेकींकडे बघून हळूच उतरल्या. टोपल्या गाडीतच ठेवल्या. एक म्हणाली, "वहिनी, राग मानू नका हां. पोरं लहान आहेत माझी."

"बरं," सून म्हणाली.

तिने गाडी खाली आणली. ज्या दरडीला पत्रा घासला होता तिथे मातीवर अजून आमच्या गाडीचा रंग होता. तिने तिकडे बघितलं नाही, मी बघितलं. उतार संपल्यावर तिने गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि आम्ही थांबलो. मागचा माणूस घड्याळ बघायला लागला. आजा त्याला म्हणाला, "बस की."

त्या दोघी वळणावरून चालत येताना दिसल्या, चपला हातात घेऊन. यायला त्यांना बराच वेळ लागला. आल्या, काही न बोलता आपापल्या टोपल्यांपाशी बसल्या. सुनेने आरशात बघून दार लागलंय का ते तपासलं आणि गाडी मोखाड्याकडे घेतली.